मान नको, झेंडा द्या

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत माणसाला नाव ठेवायला मुहूर्त लागत नाही. विद्याश्री पट्टणशेट्टी पंधराव्या वर्षी, १९९६ च्या दिवाळीत, केस मानेपर्यंत कापून घरी आली आणि चौकातून घरापर्यंत पोचेतो तिचं नाव 'नेरिसा' पडलं. प्रेमानं नव्हे, हे सांगायला नकोच.

नेरिसा ही मुंबईची गाणारी बाई. त्या वर्षी केबल टीव्हीवर पॉप गाण्यांचं पीक आलं होतं आणि त्यात ही सगळ्यात पुढे. आखूड केस, पायांत कॅनव्हासचे बूट, आणि गाता गाता मध्येच कमरेवर हात ठेवून समोर अशी बघायची, की बघणाऱ्यानंच नजर खाली घालावी. शेजारच्या अंबूबाईंच्या घरी विद्याश्रीनं ते एकदा पाहिलं आणि पोरगी कामातून गेली. पहिली कॅसेट तिनं इतकी वाजवली, की शेवटी बाईचा आवाज बाप्याचा झाला. मग दुसरी आणली. कॅसेटवर कंपनीचा पत्ता होता, त्यावर सात वर्षांत सत्तावीस पत्रं धाडली. उत्तर एकाचंही नाही. "कामात असंल," असं म्हणून ती अठ्ठाविसावं लिहायला बसे.

केस कापल्याबद्दल अव्वानं, म्हणजे तिच्या आईनं, रत्नव्वानं, लाटणं फेकून मारलं होतं. ते चुकलं. पेठेतले टोमणे मात्र चुकत नसत. "काय गं नेरिसा, आज कुठला कार्यक्रम?" "नेरिसा, दळण टाकायला निघालीस व्हय? माईक कुठाय?"

आणि हे बोलणारे कोण? तर ज्यांनी फुटबॉलच्या विश्वचषकाच्या महिन्यात अख्खी गल्ली पिवळी-हिरवी रंगवली, ते. सातासमुद्रापलीकडचा संघ हरला म्हणून दोन पोरांच्या बापानं घरात चूल पेटू दिली नाही. ज्या खेळाडूनं कोल्हापूर नकाशावरसुद्धा पाहिलं नसेल त्याचा भिंतभर फोटो लावून त्याला हार घातला. बायकोच्या बाळंतपणाला हजर नव्हते, पण तालमीच्या, म्हणजे पेठेतल्या फुटबॉल संघाच्या, सामन्याला ताप अंगात घेऊन हजर. त्याला म्हणायचं निष्ठा. आणि पोरीनं कपाटाच्या दाराला आतून एका बाईचा फोटो चिकटवला, तर ते खूळ! हा कुठला न्याय, हे आजतागायत कुणी समजावून सांगितलेलं नाही.

फुटबॉलशी विद्याश्रीचा संबंध आला तो दोरामुळे. तिच्या अप्पांचं, गुरुपाद पट्टणशेट्टींचं, दोर-सुतळीचं दुकान. स्टेडियममधल्या गोलच्या जाळ्या फाटल्या की शिवायचं काम त्यांच्याकडेच. अप्पांची नजर अधू झाली तशी सुतळी भरलेली लाकडी सुई घेऊन पोरगी बरोबर जाऊ लागली. सामना चालू असतानाही गोलमागे पोत्यावर बसून राहायचं, जाळी फाटली की मध्यंतरात गाठी मारायच्या. गॅलरीत तेव्हा बायका औषधालाही नसत. पण गोलमागे बसलेल्या पोरीला कोण काय म्हणणार? ती कामाला आली होती.

तिथं बसून तिला एक गोष्ट खटकू लागली. गोल झाला की कधी लोक मैदान डोक्यावर घ्यायचे, तर कधी कडेला एक काळ्या कपड्यांतला माणूस झेंडा वर करायचा आणि सगळं रद्द. पास सुटताना गडी शेवटच्या बचावपटूच्या पुढे असला तर ऑफसाईड, पण गोलमागून बघणाऱ्याला ते कळत नाही. ते कळतं फक्त कडेच्या रेषेवर, शेवटच्या बचावपटूच्या बरोबरीनं पळणाऱ्या त्या एकट्या माणसाला. वीस हजार माणसं चेंडूकडे बघत असतात, आणि हा एकटा रेषेकडे. "अप्पा, त्यो लाईन्समन हाय न्हवं, खरा सामना त्योच बघतोय," असं ती सोळाव्या वर्षी म्हणाली. अप्पांनी "गाठ नीट मार" एवढंच उत्तर दिलं.

रोज सकाळी शाळेच्या मैदानावर ती पळू लागली. लाईन्समनला आडवं पळावं लागतं, खेकड्यासारखं, तोंड मैदानाकडे ठेवून. ते तिनं वॉकमनवर नेरिसाच्या गाण्याच्या ठेक्यावर बसवलं. येणारे-जाणारे हसत. हसोत.

सन २००० मध्ये रेफ्रींची परीक्षा झाली. एकेचाळीस जण बसले, त्यांत बाई एक. फुटबॉलचे नियम सतरा. विद्याश्रीला ते उपकलमांसकट पाठ. ती तिसरी आली. परीक्षा घेणारे आकाराम मास्तर एका शाळेत चित्रकला शिकवत आणि तीस वर्षं शिट्टी वाजवत. माणूस सज्जन. कुठल्या तालमीशी त्यांचं कधी वाकडं नाही, कुठल्या तालमीचं त्यांच्याशी नाही. आता ज्या रेफ्रीवर सगळ्या तालमी खूश असतात त्यानं काय काय डोळ्यांआड केलं असेल, हे ज्याचं त्यानं समजावं.

पास झाली, पुढे काय? तीन वर्षं चौदा वर्षांखालच्या पोरांचे सामने, सकाळी आठला, तेही दुसरा रेफ्री आला नाही तर. मोठ्या सामन्याला तिला बोलवायचे ते उद्‌घाटनाला चेंडूचं तबक धरायला. "आपली महिला रेफ्री," म्हणून फोटो काढायचे, आणि मग ही खाली खुर्चीवर. वर भाषण : "आम्ही स्त्रियांना खेळात सामील करून घेतलं आहे!" तबक धरणं म्हणजे खेळ असेल, तर लग्नातले वाढपी सगळे नवरदेवच म्हणायचे.

२००३ च्या जानेवारीत एक लाईन्समन काविळीनं पडला आणि नाइलाजानं तिला लीगच्या सामन्यात उभं केलं. शेवटच्या पाच मिनिटांत तिनं जोडमारुती तालमीचा गोल ऑफसाईड दिला. शिव्यांची लाखोली वाहिली गेली. दुसऱ्या दिवशी एका पेपरात नेमक्या त्या क्षणाचा फोटो आला : जोडमारुतीचा गडी दोन हात पुढे, आणि मागे विद्याश्रीचा सरळ झेंडा. त्या फोटोपुढे कुणाची मात्रा चालली नाही. आणखी चार सामने मिळाले. आणि मे महिन्यात दौलत चषकाच्या अंतिम सामन्याची यादी फळ्यावर लागली, तेव्हा आकाराम मास्तरांच्या अक्षरात लिहिलं होतं : रेफ्री, स्वतः. लाईन्समन क्रमांक दोन, वि. गु. पट्टणशेट्टी.

पिंपळेश्वर तालीम विरुद्ध जोडमारुती तालीम. दोन्हीकडे पगारी खेळाडू, पिंपळेश्वरकडे तर दोन आफ्रिकेतले. कोल्हापुरात याच्या वर सामना नाही. विद्याश्री त्या फळ्यापुढे दहा मिनिटं उभी राहिली. मग घरी जाऊन तिनं बुटांच्या नाड्या धुतल्या.

सामन्याला पाच दिवस राहिले असताना ती सकाळचा सराव करून घरी आली, तर दुकानात पेढे वाटणं चालू. गादीवर चषक समितीचे अध्यक्ष हंबीरराव बसलेले. पिंपळेश्वर तालमीचे जुने खेळाडू, गडगडाटी माणूस, कुणाच्याही घरच्या लग्नात आणि मयतीत पुढे.

"या, या, मानकरीण आल्या!" त्यांनी पेढा पुढं केला. "पोरी, तुला मान दिलाय. पाच सवाष्णींत तू एकटी कुमारिका. आणि ओवाळायचं कुणाला, सांग बघू."

"कुणाला?"

त्यांनी पत्रिका उलगडली. तांबड्या अक्षरांत छापलं होतं : प्रमुख आकर्षण, सुप्रसिद्ध पॉपगायिका नेरिसा.

विद्याश्रीच्या हातातला पेढा तसाच राहिला. तिनं ते नाव दोनदा वाचलं. कान लाल झाले. नेरिसा, कोल्हापुरात! खोटं कशाला सांगायचं, अर्धं मिनिट तिला दुसरं काही सुचलंच नाही. अप्पा कौतुकानं बघत होते. अव्वा दाराआडून डोळे पुसत होती.

मग तिनं विचारलं, "किती वाजता?"

"चारला. मंचावर. नऊवारी, नथ, फेटा. समितीनं सगळं घेतलंय."

"सामना साडेचारला हाय. ओवाळून, नऊवारी सोडून, कपडे करून लाईनवर यायचं म्हंजे वेळ पुरतोय काय? ओवाळणी साडेतीनला घ्या की. मी पळत येतो."

हंबीरराव मनापासून हसले. "लाईन कशाला? लाईन धनपाल बघंल. पेठ वडगावचा, चांगला गडी हाय. तू पावणीशेजारी बसायचं. कोल्ड्रिंक प्यायचं. सामना बघायचा."

"यादीत माझं नाव हाय."

"हुतं. काढलं. तुझ्या अप्पांनी चिठ्ठी दिली की."

नियम असा, की यादीत लागलेलं नाव काढायचं तर त्या माणसानं स्वतः लिहून द्यावं लागतं. हंबीररावांनी खिशातून कागद काढून दाखवला. 'घरगुती कारणामुळे मी अंतिम सामन्यास उपलब्ध नाही.' अक्षर हंबीररावांचं. खाली सही : गुरुपाद पट्टणशेट्टी, पालक.

बावीस वर्षांची बी.कॉम. झालेली बाई, जिल्ह्यात तिसरी आलेली रेफ्री, आणि तिच्या नावानं बापानं सही केली! शाळेत पोराला गोवर आला म्हणून चिठ्ठी देतात तशी! आणि ती चालली. एकालाही वाटलं नाही की हिलाही हात आहेत, हातात पेन धरता येतं. धनपालच्या बापाला कुणी अशी चिठ्ठी मागितली असती काय?

"हंबीररावकाका," ती म्हणाली, आणि आवाज बारीक झाला तो संतापानं, "मला मान नको. झेंडा द्या."

"अगं, मान नको म्हणत न्हाईत. पेठेला दिलेला मान हाय. अडीच हजार पत्रिका गेल्यात, नाव छापून."

"मला न विचारता."

"मान काय विचारून देत्यात व्हय?" हंबीररावांना खरंच नवल वाटलं होतं. वाईट माणूस नव्हता तो, हेच तर दुखणं. वाईट माणसाशी भांडता येतं. हा उपकार करायला आला होता. "गावच्या बाया मानासाठी जीव टाकत्यात, आणि तू काम मागतीस? असलं मी न्हाय बघितलं बाबा."

ते गेल्यावर ती अप्पांवर उलटली. "सही का केलीसा?"

"तुझ्याचसाठी केली की!" अप्पा रडकुंडीला आले. "सात वर्षं झाली, ती बाई तुझ्या कपाटात हाय. पत्रं पोस्टात टाकायला मीच न्हेतोय. म्हटलं, पोरीचं सपान हाय."

"ते सपान हाय. हे काम हाय."

"पावण्याला ओवाळण्यात कसला गं कमीपणा?" अव्वा म्हणाली. "मी जल्मभर ओवाळत आले."

"कमीपणा न्हाय, अव्वा. पण ओवाळायला पेठेत चारशे बायका हायत. लाईनवर पळायला मी एकटीच हाय. तीच एक उचलून तबकापाशी न्हेऊन ठेवली, मग लाईनवर ऱ्हायलं कोण?"

अव्वा कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटली आणि भाकरी थापायला गेली.

विद्याश्री तशीच आकाराम मास्तरांच्या घरी. मास्तर झोपाळ्यावर पेपर वाचत होते. तिनं कागद पुढं केला : 'मी अंतिम सामन्यास उपलब्ध आहे. पूर्वीची चिठ्ठी माझी नाही.' खाली स्वतःची सही.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "विद्या, तुझं बरोबर हाय. पण असं बघ, चषक समितीचा, मैदान समितीनं घेतलेलं. आपण शिट्टीपुरते."

"सामन्याचा रेफ्री कोण, मास्तर? तुम्ही का हंबीररावकाका?"

"तसं न्हवं..."

"तीस वर्षं तुम्ही समद्यांचं ऐकलंसा म्हणून समदी तुम्हाला चांगलं म्हणत्यात. एक सामना सांगा, ज्यात तुम्ही कुणाचंच ऐकलं न्हाई."

हे फार झालं. गुरूला असं बोलू नये. पण कधीकधी गुरूला दुसरं कुणी बोलणारंच नसतं. मास्तरांनी पाय टेकून झोपाळा थांबवला. मग कागदाची घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "चहा घेणार?"

तिनं घेतला नाही.

सामन्याच्या दिवशी तीनच्या उन्हात ती स्टेडियमच्या दारात. अंगात ट्रॅकसूट, आत काळा ड्रेस. घरूनच घालून आली होती, कारण रेफ्रींची खोली एकच, आणि बाईमाणसानं कपडे बदलायचे तर आडोसा लागतो हे तीन वर्षांत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. डोक्यात येत नाही म्हणावं, तर नेरिसासाठी दोन दिवसांत खोली तयार झाली होती : पडदे, सोफा, आरसा, कूलर. म्हणजे बाईला आडोसा लागतो हे ठाऊक होतं. कुठल्या बाईला द्यायचा, हेही ठाऊक होतं.

"ताई, बायकांचं दार तिकडं," दारावरचा माणूस म्हणाला.

"रेफ्रींचं कुठलं?"

"ह्ये."

"मग सर बाजूला."

खोलीत धनपाल काळे कपडे घालून बुटांच्या नाड्या बांधत होता. तिला बघून दचकला. "तू येणार न्हाईस म्हणून सांगितलं मला. वडगावातनं सकाळचीच गाडी धरून आलोय."

"तुझं काय चुकलं न्हाय त्यात," ती म्हणाली आणि ट्रॅकसूटची चेन खाली ओढली.

आकाराम मास्तर खिडकीशी पाठमोरे उभे होते. वळले नाहीत.

तेवढ्यात हंबीरराव आले, बरोबर दोन पत्रकार आणि एक फोटोवाला. विद्याश्रीला काळ्या कपड्यांत बघून त्यांचा चेहरा पडला, पण पत्रकारांपुढे माणूस सावरतो. "अरे, नऊवारी कुठाय? बायका तिकडं तबक घिऊन खोळंबल्यात!"

"तबक सवाष्णींतल्या चिमणाबाईंना द्या. त्यांना हौस हाय."

"वडिलांची चिठ्ठी हाय माझ्याकडं."

दारातून आवाज आला. "ती चिठ्ठी परत द्या, हंबीरराव." गुरुपाद पट्टणशेट्टी उभे होते. जाळ्या बांधून आले होते, सदऱ्यावर सुतळीची कुसळं. उभ्या जन्मात त्यांनी पेठेतल्या मोठ्या माणसाला उलट उत्तर दिलं नव्हतं. "मी बाप हाय. लाईन्समन न्हाय. माझी सही चालत न्हाय तितं."

एक पत्रकार हसला. दुसऱ्यानं वही काढली. हंबीररावांनी वही बघितली आणि मुरलेल्या माणसासारखा तोडगा काढला. "बरं, बरं! पोरीची हौस मोडायला नको. ओळख करून द्यायला लाईनीत उभी ऱ्हा, झेंडा घे, पावणीसंगं फोटो काढ. मग सामना सुरू व्हायच्या आधी झेंडा धनपालला दे. झालं? तुझं बी झालं, आमचं बी झालं."

फोटोपुरता झेंडा! तीन वर्षं चेंडूचं तबक, आता झेंड्याचं नाटक. तिला वाटलं, झेंड्याची काठी इथंच मोडून हंबीररावांच्या हातात द्यावी. ती काही बोलली नाही. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. त्यांनी गप्प राहणं म्हणजे होकार धरला. बायकांच्या बाबतीत धरतातच.

मैदानात दोन्ही संघ ओळीनं उभे राहिले, मधोमध तिघं काळ्या कपड्यांतले. आणि ती आली. गॅलरीतून असा आवाज उठला, की लिंबाच्या झाडावरचे कावळे उडाले. आता चाळीस-पन्नाशीचे बाप्ये बाकांवर चढून "नेरिसाऽऽ" ओरडत होते, आणि त्याला कुणी खूळ म्हणत नव्हतं.

जवळून ती वेगळी दिसत होती. डोळ्यांखाली थकवा, रंगाचा थर मेच्या उन्हात तडकलेला. पायांत उंच टाचा, त्या मातीत रुतत होत्या. तीन वर्षं तिची नवी कॅसेट आली नव्हती. तिलाही शोभेलाच आणलं होतं. विद्याश्रीला वाईट वाटलं, आणि राग आला, सगळं एकदमच.

हस्तांदोलन करत ती पुढ्यात आली. "अरे, आप ही हो ना, वो आरतीवाली?"

सात वर्षं घोकलेलं वाक्य होतं, ते कुठल्या कुठे गेलं. "नहीं मॅडम. लाईन्समन."

"पूरा मॅच दौड़ोगी?"

"पूरा."

नेरिसानं तिच्या बुटांकडे बघितलं. "क्या बात है," म्हणाली. फोटो निघाला. हंबीररावांनी हात दाखवून पावणीला पुढं नेलं. चाळीस सेकंद झाले असतील. मग नेरिसानं चेंडूला टाचेच्या बुटानं लाथ मारली, गॅलरी पुन्हा पेटली, आणि मंडळी मंचाकडे गेली.

धनपाल कडेनं आला. "दे."

"कुणी सांगितलं?"

"तुला ठावं हाय की."

"ते रेफ्री हायत काय?" विद्याश्रीनं झेंडा काखेत दाबला. "मैदानात रेफ्रीनं सांगितलं तर देतो. एका शब्दावर देतो."

गॅलरी ओरडू लागली. "ए नेरिसा, झेंडा सोड, गाणं म्हण!" मंचावरून हंबीरराव दोन्ही हातांनी खुणा करत होते. मध्यवर्तुळात आकाराम मास्तर शिट्टी ओठांशी धरून उभे. मंचाकडे बघितलं. मग कडेला उभ्या दोघांकडे. बघणाऱ्यांना वाटलं, घड्याळ बंद पडलं काय मास्तरांचं. त्यांनी काळ्या शर्टाच्या खिशावर, तिच्या कागदाच्या घडीवर, हात ठेवला, मग हात लांब करून बोट दाखवलं. धनपालकडे. बाहेर.

आणि शिट्टी फुंकली.

धनपाल मान खाली घालून बाकावर जाऊन बसला. पण जाता जाता "जमव," म्हणाला.

पहिल्या अर्ध्या तासात तिच्या बाजूच्या गॅलरीनं तिला काय काय म्हटलं ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. केसांवरून, बुटांवरून, पळण्यावरून. ती खेकड्यासारखी आडवी पळत राहिली. दोन ऑफसाईड दिले, दोन्ही बरोबर. रेषेबाहेर गेलेल्या चेंडूचा एक थ्रो चुकीच्या संघाला दिला, आणि गॅलरीनं तिच्या डोळ्यांचा उद्धार केला. पण हळूहळू शिव्यांचा रंग बदलत गेला. मध्यंतरानंतर केसांची गोष्ट कुणी काढेना. आता "ए लाईन्समन, आंधळा हायस काय रं!" असं सुरू झालं. ज्या शिव्या कोल्हापूर तीस वर्षं काळ्या कपड्यांतल्या माणसांना देत आलं, त्याच आता तिला मिळत होत्या, हातचं काही न राखता. भाषणं करून जे झालं नव्हतं ते झालं होतं.

जोडमारुतीचा एक गोल झालेला. शेवटून आठव्या मिनिटाला पिंपळेश्वरच्या आफ्रिकन गड्यानं चेंडू जाळीत मारला आणि अर्धं स्टेडियम फटाक्यांसकट उभं राहिलं. विद्याश्रीचा झेंडा वर होता. तो गडी पास सुटतानाच दीड हात पुढे होता, आणि तिच्याशिवाय ते कुणालाही दिसण्याचं कारण नव्हतं. पिंपळेश्वर म्हणजे हंबीररावांची तालीम. दहा जण मास्तरांभोवती गोळा झाले. मास्तरांनी त्यांच्या डोक्यांवरून झेंड्याकडे बघितलं. झेंडा हलत नव्हता. त्यांनी हात वर करून ऑफसाईड दिला.

मग चपला आल्या. एक तिच्या खांद्यावर बसली. ती रेषा सोडून हलली नाही. जोडमारुती एकास शून्य जिंकली, आणि पोलिसांनी तिन्ही काळ्या कपड्यांना ढालींखाली घेऊन खोलीत नेलं. तिलाही, बाकीच्यांसारखंच.

खोलीत सामन्याचा अहवाल टाईप होऊन आधीच पडला होता, सही करायचा तेवढा बाकी. लाईन्समन दोनच्या पुढे नाव : धनपाल. सामना व्हायच्या आधीच ते छापून ठेवलेलं. विद्याश्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती काही बोलायच्या आत धनपालनंच पेन उचललं. "मी बाकावर बसलोतो. माझं नाव कशाला?" त्यानं आडवी रेघ मारली. तिनं वर आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि सही केली. मास्तरांनी खाली. त्यांचं अक्षर नेहमी देखणं असे. आज ते वाकडं आलं.

हंबीरराव दारात येऊन गेले. आत आले नाहीत. "पुढच्या सीझनला बघतो, कोण लाईनवर येतंय ते," एवढं म्हणाले.

"अर्ज मी करणारच हाय," विद्याश्री म्हणाली. "चिठ्ठी द्यायची तर माझ्याकडं मागा."

घरी अव्वानं खांद्याला हळद-चुना लावला. चपलेची कड नेमकी उठली होती. "कुणाचा मेला हात तो," असं म्हणत ती चोळत राहिली. चोळता चोळता विचारलं, "आरती कुणी केली मग?"

"चिमणाबाईंनी. मी न्हाय बघितलं."

"आणि ती बाई गं? गेली?"

"मध्यंतरालाच गेली म्हणं. पुण्याला कार्यक्रम हुता."

"म्हंजे बोललीच न्हाय तुझ्याशी?" अव्वाचा हात थांबला. लेकीपेक्षा तिलाच ते लागलं. "एवढी पत्रं लिहिलीस..."

"बोलली की. पूर्ण सामना पळणार काय, म्हणून विचारलं."

"मग?"

"मग काय? पळलो."